कबनुरातला जपान

जपानला जायचं म्हटलं तर पासपोर्ट, व्हिसा आणि बँकेत बऱ्यापैकी शिल्लक लागते. जपान घरी आणायचा म्हटला तर मात्र सुट्टीवर असलेला एक कुटुंबप्रमुख पुरतो. तो आमच्या घरी आहे. पु. लं.चं 'पूर्वरंग' वाचता वाचता त्याच्या, म्हणजे माझ्या, मनानं घेतलं की पोरांची सुट्टी मोबाइलमध्ये सांडण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून रोज संध्याकाळी थोडा थोडा जपान शिकावा. चहा घेता घेता मी तसं जाहीर केलं. आई म्हणाली, "आधी सिलिंडरला नंबर लाव."

पहिला धडा बसण्याचा. औपचारिक प्रसंगी जपानी माणूस 'सेइझा' घालतो, म्हणजे गुडघे दुमडून, टाचांवर बसून, पाठ ताठ. आपलं वज्रासनच, असं सांगत मी चटईवर बसलो, 'तातामी' नावाची त्यांची चटई लव्हाळ्यानं विणलेली असते आणि खोली केवढी हे तिच्यात किती चटया मावतात त्यावरून सांगतात, असं बरंच काही बोललो, तेवढ्यात दारात पार्सलवाला हाका मारायला लागला म्हणून उठायला गेलो तर गुडघ्याखालचा मुलूख माझ्या ताब्यातून गेलेला. टीपॉय धरला, टीपॉयवरचा तांब्या धरला. तांब्यातलं पाणी तेवढं धरता आलं नाही.

समोर आई नेमकी तशीच बसून मेथी निवडत होती. कधीपासून बसलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "दुपारचं जेवान झाल्यापासनं."

मग मी देवाधर्माकडं वळलो, म्हटलं आईला यात रस वाटेल. आपली सरस्वती तिकडं बेन्झाइतेन झाली आणि सात भाग्यदेवतांमध्ये जाऊन बसली, आपला गणपती कांगितेन झाला, टोकियोत असाकुसाच्या बाजूला मात्सुचियामा शोदेन नावाचं त्याचं मोठं देऊळ आहे आणि तिथं भक्त त्याला मुळा वाहतात, हे सगळं मी एका दमात सांगितलं. मेथी निवडायची थांबली.

"गणपतीला मुळा?"

मी घाईनं सांगितलं की तिळाच्या तेलात तळलेली, आत गोड पुरण असलेली, वरून चुण्या पाडून बांधलेली एक थैलीही त्याला नैवेद्याला असते, क्योतोत ती अजून मिळते.

"मग तळणीचा मोदकच की रं त्यो! तुला सांगायला मुळाच घावला व्हय?"

रात्री चॉपस्टिक. चिकट भात हवा म्हणून इंद्रायणी शिजवला. नियम मी आधीच सुनावले: काडीवरून काडीवर घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलून देतात, भातात काड्या उभ्या रोवायच्या नाहीत, कारण तसा भात मृतापुढं ठेवतात. धाकटीनं काड्यांनी शेंगदाणे टिपायला सुरुवात केली, थोरल्यानं शिनचान बघून ही विद्या कधीच पचवलेली होती, आणि माझा घास वाटीपासून तोंडापर्यंतच्या प्रवासात तीनदा मुक्काम करत, शेवटी शर्टाच्या खिशात उतरला. तो काढायला हात मोकळे हवेत म्हणून मी काड्या भातात रोवल्या. "पप्पा, कोण गेलं?" धाकटीनं विचारलं.

आता हुकमाचं एकच पान उरलं होतं. आमचं कबनूर मागांचं गाव, इथल्या पोरांना मागाची खटखट नवी नाही. पण टोयोटाची मोटार मागातून निघाली हे त्यांना कुठं ठाऊक? साकिची टोयोदा हा सुताराचा मुलगा. आईचे हातमागावरचे कष्ट बघून त्यानं सुधारित लाकडी माग बनवला असं सांगतात; त्याचं पेटंट १८९१ सालचं. पुढं १९२४ मध्ये, चालता माग न थांबवता धोटा बदलणारा आणि धागा तुटला की स्वतःहून थांबणारा माग आला, त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले, मुलगा किइचिरो मोटारींच्या मागं लागला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. हे घरात सांगून भागेना म्हणून मी अख्खं कुटुंब घेऊन एका ओळखीच्यांच्या शेडमध्ये गेलो. तिथं जपानी एअरजेट माग धडधडत होते. त्या आवाजात माझं भाषण कुणालाच ऐकू येईना, तेव्हा प्रात्यक्षिक बरं म्हणून मी ताण्यातल्या एका धाग्याला हळूच बोट लावलं.

माग थांबला. टोयोदाचं तत्त्व शंभर टक्के सिद्ध झालं.

माग सांभाळणारा जॉबर आला, धाग्याकडं आणि मग माझ्याकडं बघून अदबीनं म्हणाला, "आता तेवढी तार जोडून द्या, साहेब." जन्म कबनूरचा, लहानपण मागांच्या आवाजात झोपण्यात गेलं, पण तार कशी जोडतात ते मला आजतागायत माहीत नाही. मी दोन टोकं एकमेकांच्या ओळखीची करून देत राहिलो. शेवटी बायकोनं, जिनं माहेरी शाळा सुटल्यावर मागाच्या कांड्या भरल्यात, "अहो, सरका" म्हणत ती टोकं घेतली आणि बोलता बोलता गाठ मारली.

थोरला बराच वेळ गप्प होता. म्हणाला, "पप्पा, तो टोयोदा त्याच्या आईकडं बघून माग करायला शिकला. तुम्ही आज्जीकडं बघून काय शिकला?"

मी विचारात पडलो.

"साहेब," जॉबर म्हणाला, "विचार जरा भाईर उभारून करा. माग चालू करायचाय."