भीती तिकिटातच

खोपोलीच्या इमॅजिकात ‘नायट्रो’ नावाचा रोलर कोस्टर आहे. उंची १३२ फूट. माणसं त्यात बसून बोंब ठोकतात आणि उतरल्यावर आपलेच बोंब ठोकतानाचे फोटो पैसे मोजून घेतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण ती खरी भीती नव्हे. तिथल्या डब्याला रुळाच्या वर चाकं, बाजूला चाकं आणि खालूनही चाकं. ही खालच्या चाकांची युक्ती जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने १९१९ मध्येच पेटंट घेऊन पक्की केली. डबा उलटा झाला तरी रूळ सोडत नाही. म्हणजे घाबरायचं ते निव्वळ हौसेखातर.

मनापासून घाबरायचं असेल तर ओव्याला यावं.

ओवे गाव आणि खारघरचे सेक्टर यांच्या मधल्या मोकळ्या प्लॉटवर सुट्टीत एक फन फेअर लागलं होतं. आकाशपाळणा, फुग्यांवरची नेमबाजी, मिकी माऊसच्या लांबच्या नात्यातला एक हवा भरलेला उंदीर आणि ड्रॅगन ट्रेन. ड्रॅगनचा एक डोळा गेलेला. रुळांचे पाय जिथे जमिनीला टेकत नव्हते तिथे खाली फळकुटं सारलेली. पुतणी रांगेत उभी होती तेवढ्यात मी वाकून पाहिलं. एका पायाखाली तीन फळकुटं, त्यांवर फुटक्या फरशीचा तुकडा आणि सगळ्यात वर, बहुधा लेव्हल अचूक यावी म्हणून, तंबाखूची रिकामी पुडी.

“हे हलत नाही ना?” मी ऑपरेटरला विचारलं.

“हलतंय की,” तो म्हणाला. बोलण्यावरून गडी सोलापूरकडचा. “न्हाई हललं तर मोडंल.”

इंजिनिअरिंगची चार वर्षं वाचवणारं उत्तर होतं ते. मी बसलो. मांडीवर आडवा दांडा आला, दांड्याला सुतळी आली, सुतळीला त्याने गाठ मारली, आणि ती सुरगाठ होती.

मोठ्या कोस्टरला चढणीवर खट-खट-खट आवाज येतो, त्याने लोकांच्या पोटात गोळा येतो. वास्तविक साखळी तुटली तर डबा मागे घसरू नये म्हणून एक खटका दात्यांवर पडत असतो, त्याचा तो आवाज. म्हणजे ऐकून धीर यायला हवा. आमच्या ड्रॅगनला साखळी नव्हती, विजेची मोटर होती. त्यामुळे खट-खट सोडून बाकी सगळे आवाज होते.

वेग फार नव्हता, हे कबूल. पण न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर थॉम्पसन नावाच्या साहेबांनी १८८४ मध्ये जी गाडी सुरू केली, तीही ताशी दहा किलोमीटरच्या आतच धावायची आणि लोक तिच्यासाठी रांगा लावायचे. त्या हिशेबाने आमचा ड्रॅगन म्हणजे पुरातन वारसाच. फक्त देखभालही पुरातत्त्व खात्यासारखीच असावी, असा संशय प्रत्येक वळणावर येत होता. वळण आलं की रूळ आधी जरा बाजूला झुकायचा, मग विचार बदलून परत यायचा.

“काका, डोळे उघडा ना!” पुतणी ओरडली.

उघडले आणि नेमकी लाईट गेली. गाडी चढावर, सगळ्यात उंच जागी थांबली. उंची दहा फूट असेल. वरून अंदाज घेतला तर जास्त भरते. समोर खारघरचा डोंगर काळा दिसत होता आणि लांबवर बेलापूरहून पेंधरला जाणारी मेट्रो, खांबांवरून, एसी लावून, कुठेही न हलता चालली होती. मागच्या डब्यातल्या आजींनी एकविरा आईला नारळ बोलून टाकला. मी सुतळी घट्ट धरली.

खाली जनरेटर दोनदा खोकला, तिसऱ्यांदा धरला. गाडी निघाली.

“थांबल्याचं वेगळं पैसं घेत न्हाई आपन,” उतरताना ऑपरेटरने मोठ्या मनाने सांगितलं.

तेवढ्यात रांगेतला एक चिमुरडा त्याच्याशी भांडायला उभा राहिला. तिकीट सगळ्यांचं सारखंच, मग आम्हालाही वर थांबवलं पाहिजे! मागच्या पोरांनी एका सुरात दुजोरा दिला. ऑपरेटरने क्षणभर विचार केला आणि मेन स्विचवर हात ठेवून म्हणाला, “बसा.”