मान हलवायची नाही

मला गाता येत नाही, वाजवता येत नाही आणि कोणी गायकाची पट्टी विचारली तर मी चहाचा विषय काढतो. पण गाणं ऐकताना मी दिसतो फार छान. हे माझं मत नव्हे. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत होत असे तेव्हा मागच्या सतरंजीवरच्या एका अनोळखी बाईंनी नवऱ्याला दबक्या आवाजात सांगितलं होतं, "त्या काकांकडे बघा जरा, किती समजून ऐकतायत!" तेव्हापासून मागे कोण बसलंय याची खात्री करून घेतल्याशिवाय मी डोळे मिटत नाही.

दाद देणं हे शास्त्र आहे. 'वा' हा समेवरचा रोजचा खुर्दा. 'क्या बात है' जपून खर्चायचं. 'आहा' स्वतःशीच म्हणायचा असतो, फक्त तो तीन रांगांपर्यंत पोचला पाहिजे. आणि काहीच न बोलता नुसती मान हळूहळू, अविश्वासानं डावी-उजवीकडे हलवणं ही सगळ्यांत वरची पायरी. तिथवर पोचायला आयुष्य जातं. अशा वेळी गायकानं नेमकं माझ्याकडे पाहून हात पुढे केला, तर पुढचे काही दिवस मी घरात भाजीबिजी आणत नाही.

असा माणूस जुलै महिन्यात लंडनला मुलीकडे राहायला गेला आणि मुलीनं त्याच्यासाठी विगमोर हॉलची तिकिटं काढली. ट्यूबमध्येच तिनं नियम सांगायला सुरुवात केली.

"बाबा, तिथे 'वा' म्हणायचं नाही."

"मनातल्या मनात?"

"तुमचं मनातल्या मनातलं मला माहितीये. मानसुद्धा हलवायची नाही. आणि मांडीवर ताल तर अजिबात नको."

"मग मी करायचं काय?"

"ऐकायचं."

नुसतं ऐकायला मी काय नवखा आहे?

हा हॉल १९०१ साली बेखश्टाइन या जर्मन पियानो कंपनीनं आपल्या दुकानाला लागून बांधला. नावही बेखश्टाइन हॉलच. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हटलं की जप्ती, त्यामुळे १९१६ मध्ये हॉल, कचेऱ्या आणि १३७ पियानो असा सगळा बारदाना लिलावात ५६,५०० पौंडांना गेला. घेतला कोणी, तर डेबनम्स या कापडचोपडाच्या दुकानानं. पुढच्या वर्षी रस्त्याचंच नाव देऊन त्यांनी तो पुन्हा उघडला. नामकरणासाठी समिती नाही, मोर्चा नाही. खुर्च्या साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे नुसते पासवालेच बसतील एवढ्या. पस्तिशीच्या आतल्यांना काही तिकिटं पाच पौंडांत मिळतात हे कळल्यावर मी खिडकीवरच्या मुलाला माझ्या मनाचं वय सांगून पाहिलं. तो हसला, पण पैसे काही परत केले नाहीत.

त्या संध्याकाळी शुबर्टची 'विंटररायझे' होती. म्हणजे हिवाळ्यातली वाटचाल. प्रेयसीचं लग्न दुसरीकडे ठरतं, हा रात्री गाव सोडतो आणि पुढची २४ गाणी बर्फातून चालत राहतो. बाहेर लंडनला न पेलणारं ऊन, माणसं फुटपाथवर चड्डीत आइस्क्रीम खातायत, रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड हटत नाही, आणि आत हा गृहस्थ गालावर गोठलेल्या अश्रूंबद्दल गातोय. मला आतून फार बरं वाटलं. आपल्याकडे फेब्रुवारीत कोणी मियाँ मल्हार काढला तर पहिल्या रांगेतले पंचांग काढतील, आणि ही मंडळी खुशाल जुलैत हिवाळा आळवतायत. हे मी शेजारच्या वृद्ध बाईंना समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही, म्हणून मी पुढे असंही सांगितलं की एका कवीची, एका संगीतकाराची २४ गाणी ही चांगली गोष्ट आहे, पण आमच्या 'गीतरामायणा'त ५६ आहेत आणि १९५५च्या रामनवमीपासून ती वर्षभर, आठवड्याला एक, पुणे आकाशवाणीवरून लागत होती. त्यांनी आदरानं विचारलं, "सगळी एका बैठकीत?" तेवढ्यात सुदैवानं दिवे मंदावले.

सव्वा तास. मध्यंतर नाही. दोन गाण्यांच्या मध्ये टाळी नाही. परवानगी फक्त खोकल्याला, आणि तो सगळे मिळून काढतात. (याच शहरातल्या रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या पत्रिकेत एके काळी छापत असत की रुमाल न धरता काढलेला खोकला आणि हॉर्नचा मध्यम जोराचा सूर दोन्ही मोजून सारखेच भरतात, ६५ डेसिबल. हे आपल्याकडे छापलं तर लोक खोकल्याची पट्टी विचारतील.) गाण्यांचे शब्द जर्मनमध्ये आणि समोर इंग्रजीत छापलेलं पुस्तक प्रत्येकाच्या मांडीवर असतं. गाणं आणि त्यामागचा पियानो दोन्ही संपल्याशिवाय पान उलटायचं नाही. मग सगळे एकदम उलटतात, आणि लग्नाच्या पंगतीत पत्रावळ्या मांडताना होतो तसा खसखसाट हॉलभर होतो.

पाचव्या गाण्यात, लिंडनच्या झाडाखाली, आवाज असा काही खाली उतरला की माझा 'वा' निघालाच. मुलीनं कोपर मारलं. तो घशात परत गेला. सहाव्या गाण्यात त्याच्यावर दुसरा येऊन बसला. विसाव्यापर्यंत माझ्या गळ्यात इतकी दाद साठली होती की मला दमा आहे असं वाटून पुढच्या माणसानं मागे वळून पाहिलं.

ती दाद शुबर्टलाही मिळाली नव्हती म्हणा. १८२७ मध्ये त्यानं मित्रांना जमवून ही गाणी स्वतः गाऊन दाखवली तेव्हा सगळे सुन्न बसले. शोबर हा त्याचा जिवलग. तो शेवटी म्हणाला की आपल्याला एकच आवडलं, लिंडनच्या झाडाचं. शुबर्टचं उत्तर असं की मला स्वतःला माझ्या सगळ्या गाण्यांत हीच जास्त आवडतात, तुम्हालाही आवडतील. पुढच्या वर्षी १९ नोव्हेंबरला तो गेला, ३१व्या वर्षी. अखेरच्या दुखण्यात याच गाण्यांच्या दुसऱ्या भागाची मुद्रितं तपासत होता. कवी म्युलर त्याच्या आधीच गेलेला, तोही ३२चा. दोघांची भेट कधी झालीच नाही. मी मात्र शोबरला मोडीत काढायला तयार नाही. पाचवं गाणं मलाही आवडलं होतं.

शेवटच्या गाण्यानंतर पियानोवाल्याचे हात पट्ट्यांवरून खाली येईपर्यंत कोणी श्वास घेतला नाही. मग टाळ्या. त्या ओसरल्यावर शेजारच्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम्ही किती निश्चल बसून ऐकता, ही गाणी तुमच्या फार जवळची असणार. मी मान हळूहळू, अविश्वासानं डावी-उजवीकडे हलवली.

आता खरं सांगतो. त्या सव्वा तासातला बराच वेळ मी गायकाकडे बघत नव्हतो. मी बघत होतो पान उलटणारीकडे.

गायकाला सगळं पाठ असतं. पियानोवाल्याच्या समोर मात्र स्वरलिपीचं पुस्तक, आणि त्याचे दोन्ही हात गुंतलेले. म्हणून त्याच्या डाव्या अंगाला, किंचित मागे, एक खुर्ची असते आणि तिच्यावर एक काळ्या कपड्यातला माणूस. इथे एक विशीची मुलगी होती, संगीत शिकणारी असावी. पान संपायला दोनेक ओळी उरल्या की ती उठायची. आवाज न करता. डावा हात वरून नेऊन उजव्या पानाचा वरचा कोपरा चिमटीत धरायची. डावाच, कारण उजवा पुढे केला तर वादकाला पुस्तक दिसत नाही. पान सुटं करून तयार ठेवायचं, आणि वादकानं मान हलवली की एका झटक्यात उलटायचं. एकच पान. दोन उलटली तर शुबर्टचा प्रवासी एकदम पुढच्या गावी पोचायचा. हातात बांगडी नको, कपाळावर येणारी बट नको, सैल बाही नको. अत्तर लावून बसलेल्याला दुसऱ्यांदा कोणी बोलवत नाही. एखादं आवर्तन पुन्हा घ्यायचं असेल तर तीन पानं मागे जावं लागतं आणि ती तीनच हवीत. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे पियानोवालाही माणूसच. त्यालाही स्वतःचं वाजवणं आवडतं. तोही रंगात येऊन मान हलवतो. मग कुठली मान रंगाची आणि कुठली पानाची हे त्या मुलीनं ओळखायचं. म्हणजे त्या आख्ख्या हॉलमध्ये मान हलवण्याचा अर्थ बरोबर लावू शकणारी ती एकटीच होती, आणि मी तिच्यापासून इतका लांब बसलो होतो याबद्दल माझ्या मुलीनं देवाचे आभार मानले.

टाळ्यांच्या वेळी गायक वाकला. गायकानं हात करून पियानोवाल्याला पुढे बोलावलं, तोही वाकला. ती खुर्चीशी उभी, नजर खाली, पुस्तक छातीशी. पत्रिका मी दोनदा चाळली. तिचं नाव नव्हतं.

पियानोवाल्याचं तरी नाव मोठ्या अक्षरात येतं हे जेरल्ड मूरचे उपकार समजा. साथ करणं म्हणजे एकट्यानं वाजवायला न जमलेल्यांचं काम, असा समज होता तेव्हा हा इंग्रज माणूस जन्मभर फक्त साथच करत राहिला. १९६२ साली त्यानं आत्मचरित्र लिहिलं. नाव ठेवलं 'ॲम आय टू लाऊड?' माझा आवाज फार होतोय का, हा साथीदाराचा सनातन प्रश्न. मुलाखतीत आपल्या तबलजींना हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि बरंच आहे. १९६७ मध्ये मूर निवृत्त झाला तेव्हा श्वार्त्सकोफ, दे लोस आन्हेलेस आणि फिशर-डीस्काउ असे तीन मातब्बर त्याच्या निरोपाला एका मंचावर येऊन गायले. पान कोण उलटत होतं, हे तिथेही कोणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही.

आपल्याकडे तशी जागा तंबोऱ्याची. माझी आत्या तंबोऱ्यावर बसायची. गुरूंच्या मागे, उजवीकडे. संध्याकाळी पाचला गवसणी काढायची, खुंट्या, मग मणी, मग जव्हारीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे. लागला की मान वर न करता 'हं' म्हणायची. मधल्या बोटानं पंचम, पहिल्या बोटानं उरलेल्या तीन तारा, तीन तीन तास. तिच्या पहिल्या बोटाला घट्टा होता. कणीक मळताना तो परातीला टेकला की खरवडल्यासारखा आवाज यायचा. ती म्हणायची, "तंबोऱ्यावरच्या माणसाला झोप येऊन चालत नाही, आणि जागं आहोत असं दिसूनही चालत नाही." गुरू एखादा स्वर लांबवून थांबले की मागून तिचा बारीक आवाज तोच स्वर सांभाळून धरायचा आणि गुरू परत आले की विरून जायचा. तिच्या घरी पत्रिकांचा गठ्ठा होता. तबल्यावर अमुक, पेटीवर तमुक, ध्वनिव्यवस्था, मंडप, उपाहार, सगळ्यांची नावं. तंबोरा : शिष्यवर्ग. फार तर 'भगिनी'. ती गेल्यावर तो गठ्ठा मी आणला आणि एका रविवारी सगळा वाचून काढला. एकाही पत्रिकेत तिचं नाव नाही. वड्याच्या कंत्राटदाराचं आहे, पत्त्यासकट.

आता तर ती जागाच जाते आहे. १९७९ मध्ये बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. रियाजाला तो उत्तम आहे, दमत नाही, घरच्या चाव्यांची काळजी करत नाही. तिकडेही बरेच पियानोवाले टॅबलेटवर स्वरलिपी ठेवतात आणि पायातल्या पेडलनं पान पालटतात. मला यंत्राचा राग नाही. राग आपल्या निवेदकांचा आहे. प्रमुख पाहुण्यांचा परिचय बावीस ओळी, प्रायोजकांच्या उत्पादनांचा त्याहून जास्त, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि साथीदारांच्या ओळखीत तबला, पेटी झाली की "आणि तानपुऱ्यावर... " म्हणून निवेदक मागे वळून बघतो. दोन मुली कसनुशा हसतात. त्याला नावं माहीत नसतात. त्यानं विचारलेलीच नसतात. अशा वेळी सभागृहात मी फार चांगला दिसत नाही.

विगमोर हॉलचा मोसम जुलैअखेर संपतो आणि सप्टेंबरात पुन्हा सुरू होतो. आपला त्यानंतर, दिवाळी आटोपल्यावर. म्हणजे तुमच्या पत्रिका अजून छापखान्यात जायच्या आहेत. आयोजकांनो, तानपुऱ्यावर जे बसणार आहेत त्यांना आजच फोन करा, नाव आणि आडनाव नीट विचारून घ्या, आणि छापा. जागा नसेल तर रसिकांना सूचना देणाऱ्या चार ओळी काढून टाका. आम्ही त्या वाचत नाही.