चुडावा बंदराचे बिनतारी कप्तान

चुडावा हे बंदर आहे असं मानणारा या पृथ्वीतलावर एकच माणूस आहे, आणि तो चुडाव्यातच राहतो. बाकीच्यांच्या लेखी चुडावा म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं एक गाव आणि पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचं एक छोटं स्टेशन. अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, बंगालचा उपसागर त्याहून लांब. इथं भरती येते ती सोयाबीन विकल्यावर, आणि ओहोटी लागते ती खताची उधारी चुकवताना. तरी हे गृहस्थ स्वतःला दर्यावर्दी समजतात, आणि गावानं त्यांना 'कप्तान' म्हणून मोकळं केलंय.

कप्तान रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यातून निवृत्त झाले. नोकरीत तारा सांभाळल्या, निवृत्तीत बिनतारी धरलं. त्यांच्याकडं हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी केंद्राचा, सरकारी परवाना आहे. तो देवघराशेजारी चौकटीत लावलेला आहे आणि दसऱ्याला त्यालाही झेंडूचं फूल मिळतं. कप्तानांकडं नाही ती फक्त बोट. पण बोटीचे सगळे नियम आहेत. गाडी घेऊन एकही नियम न वाचलेली माणसं आपल्याकडं गल्लोगल्ली सापडतात. बोट न घेता सगळे नियम तोंडपाठ केलेला माणूस दुर्मीळ. जमीन नसताना सातबाऱ्याचे सल्ले देणारे, लग्न न करता संसारावर बोलणारे, यांच्याच गोत्रातले हे कप्तान. फरक एवढाच की यांचा सल्ला बरोबर असतो.

त्यांच्या बंदराला कायद्याचा आधारही आहे. 2016 साली संसदेनं राष्ट्रीय जलमार्ग कायदा केला आणि देशातल्या 111 जलमार्गांची यादी जाहीर केली. त्यातला चौथ्या क्रमांकाचा जलमार्ग गोदावरीतून भद्राचलमपासून थेट नाशिकपर्यंत येतो, म्हणजे पूर्णा तालुक्याला लागूनच जातो. हे कळलं त्या दिवशी कप्तानांनी चौकात पेढे वाटले. "आपन आता राष्ट्रीय जलमार्गावर हाव," त्यांनी सांगितलं. ऐकणाऱ्यानं नुकतीच उन्हाळ्यात कोरड्या पात्रातून मोटारसायकल पलीकडं नेली होती. तो म्हणाला, "मंग टोल कुठं भरायचा?"

कंठेश्वरच्या संगमावरून निघून आंध्रातल्या अंतर्वेदीला समुद्र गाठायचा, असा कप्तानांचा एक आराखडा वहीत तयार आहे. वाटेत विष्णुपुरी, बाभळी, श्रीरामसागर, मेडिगड्डा, पोलावरम, धवळेश्वरम. एकेक धरण म्हणजे एकेक भिंत, बोट उचलून पलीकडं न्यायची. कप्तानांना त्याची फिकीर नाही, त्यांना फिकीर तारखांची. बाभळीचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. "म्हनून 28 ऑक्टोबरच्या आत बाभळी वलांडायची," ते बजावतात. महाराष्ट्र आणि आंध्र ज्या निकालासाठी वर्षानुवर्षं भांडले, तो आपल्या सहलीच्या सोयीसाठी लागला असं वाटणारे दोन्ही राज्यांत मिळून हे एकटेच.

कप्तानांचं घर लांबून ओळखू येतं. कडुनिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एक तार ताणलेली आहे, साधारण दहा मीटर. ही 20 मीटर पट्ट्याची अँटेना. अर्ध्या लहरीएवढी लांबी लागते, म्हणून दहा. घरच्या काकूंच्या, म्हणजे कप्तानांच्या पत्नीच्या, हिशेबानं ती वाळवणाची दोरी असून गेली कित्येक वर्षं रिकामी आहे. एकदा कप्तान तिन्हीसांजेला युरोपातल्या कुणाशी तरी बोलत असताना काकूंनी तिच्यावर ओली गोधडी टाकली. पलीकडचा म्हणाला, तुमचा सिग्नल अचानक पडला. कप्तानांनी कारण सूर्यावरच्या डागांत शोधलं. शेजारीपाजारी आभाळाकडं पावसासाठी बघतात, कप्तान आयनांबरासाठी: उंचावरचा हा थर लहरी परतवतो आणि त्याची तब्येत सूर्यावर अवलंबून असते, म्हणून.

रेडिओवर गावाचं नाव सांगताना प्रत्येक अक्षराला ठरलेला शब्द वापरावा लागतो, म्हणजे खरखरीत घोटाळा होत नाही. चुडाव्याची इंग्रजी अक्षरं घेतली तर होतं: चार्ली, हॉटेल, युनिफॉर्म, डेल्टा, अल्फा, व्हिस्की, अल्फा. कप्तान हे रोज संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून खणखणीत आवाजात सांगायचे. आठवड्याभरात गावात बातमी पसरली की कप्तान स्टेशनजवळ हॉटेल काढायलेत, व्हिस्कीचं परमिट मिळालंय आणि वेटरला युनिफॉर्म राहणार आहे. दोन पोरं नोकरी मागायला येऊन गेली. एका वारकऱ्यानं बोलणं सोडलं.

दुसरा घोटाळा त्र्याहत्तरचा. हॅम मंडळी निरोप घेताना 'सेव्हन्टी थ्री' म्हणतात, म्हणजे सप्रेम नमस्कार. तारायंत्राच्या काळापासूनचा रिवाज. कप्तान फोन ठेवतानाही तेच म्हणतात. किराणा दुकानदारानं महिनाभर प्रत्येक फोननंतर त्यांच्या खात्यावर 73 रुपये मांडले होते.

आणि वेळ. हॅमच्या नोंदवहीत तारीख, वेळ, वारंवारता, समोरच्याचं संकेतनाव आणि सिग्नलचा दर्जा लिहितात, आणि वेळ जागतिक लावतात, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागची. कप्तानांनी घरातलं भिंतीवरचं घड्याळही तसंच लावलंय. दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा मुहूर्त त्यांच्या लेखी 7 वाजून 5 मिनिटांचा. लग्नात अक्षता पडल्या की ते खिशातून वही काढून खरी वेळ टिपतात. आजवर एकही मुहूर्त साधला गेलेला नाही, असं त्यांची वही सांगते. भटजी त्यांना पंगतीत लांब बसवतात.

खरी परीक्षा झाली ती एका ऊसवाल्याच्या इंजिनिअर पोरानं ऑनलाइन रबरी बोट मागवली तेव्हा. सोबत छोटं पेट्रोल इंजिन आणि दोन वॉकीटॉकी. बोट अंगणात फुगवून पोरगं उभं होतं. कप्तानांनी तिला प्रदक्षिणा घातली.

"इंजिन हाय?"

"हाय की काका."

"मंग 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू. 1917 चा जुना कायदा मोडीत काढून आनलाय. यांत्रिक बोटीची नोंदनी, तपासनी, चालवनाऱ्याला प्रमाणपत्र."

"इंजिन काढून ठिवतो."

"तरी सुटका नाही. वल्ह्याच्या नावेचं काम राज्य सरकार स्थानिक स्वराज्य संस्थेकडं सोपवू शकतं."

"म्हंजी ग्रामपंचायत?"

"म्हंजी ग्रामपंचायत."

पोरगं विचारात पडलं. घरपट्टी आणि पाणीपट्टी थकलेली, त्यात ही तिसरी पट्टी निघाली तर वडील बोटीतून खाली उतरवतील. मग कप्तान वॉकीटॉकीकडं वळले. हे सेट कोणत्या पट्ट्यावर चालतात, मंजुरीचा शिक्का कुठाय, परवाना लागतो का, हे विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. असल्या विक्रीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2025 मध्ये ऑनलाइन दुकानांना नियम घालून दिले, तेही कप्तानांनी ऐकवलं आणि दोन्ही सेट बंद करून खोक्यात ठेवायला लावले.

तोवर अंगणात गर्दी जमली होती. कप्तान रंगात आले. हॅमचा परवाना वेगळा आणि बोटीवरच्या रेडिओचा वेगळा. समुद्रात चॅनल 16, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, हा हाक मारायचा आणि संकटाचा चॅनल. तिथं हॅमच्या परवान्यावर गप्पा मारता येत नाहीत. हॅमच्या 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोटवाल्यानं नुसत्या बोटीच्या कागदावर घुसायचं नाही. हॅमनं समुद्रातून बोलताना संकेतनावापुढं 'मेरिटाइम मोबाइल' जोडायचं. परक्या देशाच्या 12 सागरी मैलांत शिरलं की त्या देशाची मुभा लागते. आणि उपग्रह फोन तर भारतात परवानगीशिवाय बाळगायचाच नाही. परदेशी पाहुणे हे न कळून इथल्या विमानतळांवर पोलिसांच्या हाती लागले आहेत. कुणी खोल समुद्रात अडकलंच तर तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक.

गर्दीत एक म्हातारे भोई होते. जन्म गोदावरीत गेलेला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कप्तान, त्या सोळा नंबरावर मासा येतो का?"

शेवटी एका रविवारी, इंजिन घरी ठेवून, बोट पूर्णा नदीत उतरली. कप्तानांची एकच अट होती: लाइफ जॅकेट. पोरानं कुरकुरत भगवं जॅकेट चढवलं. कप्तान काठावर आपला सेट घेऊन उभे. दुसरा सेट पोराला दिला नव्हता, कारण पोराला परवाना नाही. वल्ह्याचे दहा-बारा फटकारे झाले आणि बोट जलपर्णीत घुसली, तिथून गाळात रुतली. काठापासून अंतर फार तर पन्नास फूट.

"तुमची पोझिशन सांगा, ओव्हर," कप्तान ओरडले.

"काका, मी दिसू लालो की तुमाला!"

"तरी सांगायची असती!"

"मेडे! मेडे!" पोरानं सिनेमातलं आठवून ठोकलं.

कप्तान खवळले. "मेडे कधी म्हनायचं? जीव धोक्यात असल्यावर! तीन वेळा! गाळात रुतल्यावर 'पॅन-पॅन' म्हनतात!"

मग पोरगं बोटीतून उतरलं, पाणी गुडघाभर निघालं, आणि ते जॅकेटसकट चालत काठावर आलं. लोक हसले. कप्तान हसले नाहीत. त्यांनी वहीत वेळ लिहिली, जागतिक. पाणी गुडघाभर आहे हे उतरल्यावर कळतं, जॅकेट मात्र उतरण्याआधी घालावं लागतं, एवढंच ते म्हणाले. त्यावर हसणाऱ्यांपैकी कुणाला काही सुचलं नाही. गोदाकाठच्या गावांनी जायकवाडी धरणातून सोडलेलं पाणी पाहिलेलं आहे.

कप्तानांचं हे वेड कुठून आलं, तेही सांगायला हवं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. टेलिफोन मुके झाले आणि हौशी रेडिओवाले आपापले सेट घेऊन तिकडं गेले. गावोगावचे निरोप त्यांनी पोहोचवले. कप्तान तेव्हा नोकरीत होते. तारांवर पोसलेल्या माणसानं त्या दिवशी तारेविना काम चालताना ऐकलं आणि तो तिथंच फितूर झाला. दुसरी गोष्ट ते सांगतात ती अंदमानची. 2004 च्या डिसेंबरात भारती प्रसाद या हॅम रेडिओवाल्या तिथं मोहिमेसाठी गेल्या होत्या. जगभरच्या हौशी लोकांना तिथून नुसतं 'हॅलो' म्हणायचं, एवढाच बेत. 26 तारखेला त्सुनामी आली, आणि हौसेचं ते केंद्र पोर्ट ब्लेअरचा बाहेरच्या जगाशी दुवा होऊन बसलं. ही गोष्ट सांगताना कप्तान 'ओव्हर' म्हणायचं विसरतात.

रेडिओचं झालं, आता बोटीचं. दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून 2010 साली मुंबईला परतले. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. कप्तानांना त्यांचं कौतुक आहेच, पण ते पहिल्यांदा विचारतात, "रेडिओ कोनता होता?"

लोक कप्तानांना नियमांचा किडा म्हणतात. ते खरंच आहे. पण त्यांच्या रेडिओचे नियम एकदा नीट बघा. बोलायच्या आधी ऐकायचं, दुसरं कुणी बोलत असेल तर थांबायचं. सुरुवातीला आणि शेवटी स्वतःची ओळख द्यायची. धंदा करायचा नाही, जाहिरात करायची नाही, गाणी लावायची नाहीत, खोटी खबर द्यायची नाही, शिवी द्यायची नाही. तिसऱ्याचे निरोप उगाच पुढं ढकलायचे नाहीत. काय बोललो त्याची वहीत नोंद ठेवायची. हे नियम गावातल्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला उद्या सकाळी लावले तर दुपारपर्यंत ग्रुपवर फक्त ॲडमिन उरेल, आणि तोही ओळख न देता बाहेर पडेल. आपण सगळे परवान्याविना बोलतो म्हणून एवढं बोलतो. कप्तान परीक्षा देऊन बोलतात म्हणून मोजकं बोलतात. बोटीचा विषय सोडून.

तेव्हा तुमच्या गावात असा एखादा कप्तान असेल तर त्याच्या तारेवर गोधडी टाकू नका. आणि घरात बारा वर्षं पूर्ण झालेलं, जुना रेडिओ उघडून बसणारं पोर असेल तर त्याला हौशी केंद्रचालकाच्या परीक्षेला बसवा. केंद्राच्या दूरसंचार विभागाकडं अर्ज करायचा, पहिल्या पायरीला मोर्सची कटकटही नाही. समुद्र लांब असला तरी चालतो. पूर कुणाच्याही गावात येतो आणि तेव्हा मोबाइलचा टॉवर आधी जातो.