परिस्थिती जरा ‘स्टिकी’ आहे

एप्रिल १९५१. कोरियात इमजिन नदीकाठी ब्रिटिशांच्या ग्लॉस्टर पलटणीला चिनी फौजेने चहूबाजूंनी वेढलं होतं. त्यांचे ब्रिगेडियर ब्रोडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना कळवलं की, परिस्थिती जरा ‘स्टिकी’ आहे. ब्रिटिश कानाला याचा अर्थ ‘मेलो, धावा!’ अमेरिकन साहेबाला वाटलं, अवघड आहे खरं, पण गडी निभावून नेतील. पलटणीचे शेकडो सैनिक युद्धकैदी झाले. सभ्यतेला मात्र ओरखडाही आला नाही.

संकट सौम्य शब्दांत गुंडाळण्याची ही विद्या अमेरिकनांनी नंतर अशी काही कमावली की गुरूने कान धरावेत. २० एप्रिल २०२३ला टेक्सासहून उडालेलं स्पेसएक्सचं स्टारशिप साधारण चार मिनिटांत आकाशातच फुटलं. कंपनीच्या भाषेत ही ‘रॅपिड अनशेड्यूल्ड डिसअसेम्बली’. म्हणजे यान सुटं व्हायला कुणाची हरकत नव्हती, फक्त वेळापत्रकात तशी नोंद नव्हती! खाली प्रक्षेपणतळाचं काँक्रीटही उखडून दूरवर गेलं. तेही बहुधा रजेचा अर्ज न देताच.

आता हे इंग्रजी पुण्याच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांतही छान मुरलंय. वर्षभर राबलेल्याला ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’ असा शेरा मिळतो आणि पगारवाढ बेताची. अपेक्षा पूर्ण केल्याची शिक्षा, दुसरं काय! ज्याची नोकरीच जाते, त्याच्या जाण्याने कंपनी ‘राइटसाइझ’ होते. म्हणजे आजवर तोच जास्तीचा होता.

‘‘काही वाढलं का रे?’’ आई विचारते.

‘‘यंदा मार्केटला हेडविंड्स आहेत गं.’’

आई उठून खिडकी लावून घेते.