पक्का माणूस, कच्चं लायसन

भिवंडीत माणसाची पत पूर्वी त्याच्या यंत्रमागांवरून ठरे, आता गोदामाच्या चौरस फुटांवरून ठरते. या दोन्ही हिशेबांत न बसणारे एक गृहस्थ मात्र गावात गल्लोगल्ली आहेत. कामतघरला आहेत, पद्मानगरात आहेत, वंजारपट्टी नाक्यालाही आहेत. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. दारात दुचाकी, शिवाय हप्त्यावर घेतलेली मोटार. मोटारीच्या मागच्या काचेवर लाल ‘एल’, आणि तो इतका जुना की उन्हाने गुलाबी झालेला. खिशात प्लास्टिकच्या पाकिटात शिकाऊ परवान्याचा प्रिंटआउट. आपल्याकडे त्याला कच्चं लायसन म्हणतात, म्हणून या गृहस्थांना आपण कच्चेवाले म्हणू.

कच्चेवाल्यांना पक्कं लायसन नाही याचं गावात कुणालाच काही वाटत नाही, कारण त्यांना स्वतःलाच वाटत नाही. त्यांचं म्हणणं साधं असतं, ‘‘मी तर तयारच आहे. परीक्षेची तारीख कुठे मिळतेय?’’ एवढं बोलून ते फोन काढतात, लायसनचं सरकारी ‘सारथी’ पोर्टल उघडतात आणि मे महिन्याचं लालभडक पान, मुलीचा दहावीचा निकाल दाखवावा अशा अभिमानाने, समोरच्याच्या नाकापर्यंत नेतात. ‘‘बघा. एक तरी मोकळी दिसतेय?’’

यात खोटं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. एप्रिल-मेमध्ये तारीख मिळणं खरोखरच अवघड असतं. बारावीची परीक्षा आटोपलेली पोरं, पाडव्याला गाडी घेतलेले संसारी, लग्नात गाडी मिळालेले जावई आणि सुट्टीत ‘यंदा शिकायचंच’ असा पण केलेले मास्तर असे सगळे एकाच महिन्यात लायसनला निघतात. दुसरी लाट दसरा-दिवाळीला. परीक्षा घेणारे मोटार वाहन निरीक्षक मात्र मेमध्येही तेवढेच आणि श्रावणातही तेवढेच. त्यांना नुसती परीक्षाच घ्यायची असते असंही नाही. ट्रक-टेम्पोंची योग्यता तपासणी असते, वायुवेग पथकाबरोबर रस्त्यावरची ड्युटी असते. म्हणून रोजच्या परीक्षांचा आकडा ठरलेला. तो भरला की पान लाल.

पण कच्चेवाल्यांची कला याच्या पुढे सुरू होते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. या नियमांप्रमाणे कच्चं निघाल्यावर तीस दिवस परीक्षा देता येत नाही, आणि मोटार वाहन कायद्याप्रमाणे कच्च्याची मुदत सहा महिने. म्हणजे मधे पाच महिने हातात राहतात. सामान्य माणूस या पाच महिन्यांत कधीतरी उरकून घेतो. कच्चेवाले कच्चं काढतात ते मार्चमध्ये, ‘सुट्टीत निवांत परीक्षा देऊ’ म्हणून. तीस दिवस भरतात तेव्हा अख्खा ठाणे जिल्हा तारखेच्या मागे लागलेला असतो. जून लागतो, पानावर एकेक चौकोन हिरवा होऊ लागतो, तेव्हा ते म्हणतात, ‘‘पावसात कोण जातंय?’’ सप्टेंबरात मुदत संपते. ते लगेच नवं कच्चं काढतात, आणि त्याचे तीस दिवस बरोबर दिवाळीच्या गर्दीत येऊन पडतात. प्रत्येक वेळी वर्गामागे दीडशे रुपये फी, चाचणीचे पन्नास वेगळे. इतक्या वर्षांत त्यांनी सरकारजमा केलेल्या रकमेत कल्याण नाक्यावरचा एखादा खड्डा सहज बुजला असता.

तारखा नेमक्या कधी उघडतात, या विषयात त्यांचा अधिकार मोठा. धामणकर नाक्यावर कटिंग पिता पिता ते हे ज्ञान फुकट वाटतात. पूर्वी रात्री बारा वाजून दोन मिनिटांनी उघडायच्या म्हणे. हल्ली मंगळवारी सकाळी उघडतात, साहेब चहा पिऊन खुर्चीत बसले की. पोर्टलला चहा लागत नाही, हे त्यांना कुणी सांगायला जात नाही. ‘‘परवा मिळालीच होती,’’ ते पुढे सांगतात, ‘‘ओटीपी यायला उशीर झाला, तेवढ्यात गेली.’’ ऐकणारे हळहळतात. टेबलावर फडकं मारणारा पोऱ्यासुद्धा थांबून म्हणतो, ‘‘क्या चाचा, फिर गया?’’

त्यांनी राज्यं आली-गेली पाहिली आहेत. २०१५ च्या जानेवारीत तेव्हाचे परिवहन आयुक्त महेश झगडे यांनी आरटीओच्या आवारातून दलालांना बाहेर काढण्याचा हुकूम दिला, तेव्हा कच्चेवाल्यांनी ‘वातावरण निवळू दे’ म्हणून एक कच्चं वाया घालवलं. १ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने दंड वाढवले, महाराष्ट्राने ते लगेच लागू केले नाहीत, आणि घाबरून अर्ज भरायला निघालेले कच्चेवाले अंजूरफाट्यावरूनच परत फिरले. त्यानंतर करोना आला. केंद्र सरकार लायसनच्या कागदांची मुदत पुन्हा पुन्हा वाढवत गेलं. एकच कच्चं किती पुरतंय, आणि वर दिल्ली सांगतेय की सगळं कायदेशीर आहे! तो त्यांचा सुवर्णकाळ. आजही त्या दिवसांबद्दल बोलताना त्यांचा आवाज ओला होतो.

जून २०२१ मध्ये शिकाऊ परवाना घरबसल्या मिळायची सोय राज्यात झाली. आधार जोडा, सुरक्षिततेची चित्रफीत बघा, पडद्यावरच्या प्रश्नांची उत्तरं द्या. कच्चेवाल्यांना तर घरचंच कार्य वाटलं. आरटीओकडे जाण्याचं उरलंसुरलं एक कारणही संपलं. त्यांनी त्या वर्षी सोफ्यावर बसून कच्चं काढलं आणि पेढे वाटले.

यावर कळस झाला तो मे २०२४ मध्ये. ‘१ जूनपासून आरटीओत परीक्षाच द्यावी लागणार नाही, खासगी ड्रायव्हिंग स्कूलच लायसन देणार’ अशी बातमी देशभर फिरली. भिवंडीत ती फिरवण्याचं कंत्राट कच्चेवाल्यांनी घेतलं होतं. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचा नियम २०२१ पासूनच होता, आणि आरटीओच्या परीक्षेत काही बदल नाही, असा खुलासा रस्ते वाहतूक मंत्रालयाने केला. तो खुलासा मात्र त्यांनी कुणालाच पाठवला नाही.

कायद्याचं त्यांचं ज्ञान एरवी पक्कं आहे. हलक्या मोटारीच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतचा माल-टेम्पो चालवता येतो, हा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल त्यांनी पूर्णा-काल्हेरच्या निम्म्या टेम्पोवाल्यांना समजावून दिला. टेम्पोवाले म्हणाले, ‘‘शेठ, आमच्याकडे आहे लायसन.’’ संभाषण तिथेच संपलं.

घरात पक्कं लायसन आहे ते वहिनींचं. त्यांनी एका जुलैत फोन उघडला, समोर दिसली ती हिरवी तारीख घेतली, रेनकोट घालून गेल्या, पास झाल्या आणि येताना भाजी घेऊन आल्या. यात गोष्ट सांगण्यासारखं काही नाही, म्हणून कुणी सांगत नाही. अडचण नियमाची आहे. शिकाऊ चालकाच्या शेजारी लायसन असलेली व्यक्ती बसलेली पाहिजे आणि ती गाडी आवरू शकेल अशी पाहिजे. त्यामुळे कच्चेवाले मोटार चालवतात तेव्हा कायद्याच्या नजरेत वहिनी त्यांच्या प्रशिक्षक असतात. त्या शेजारी बसून शांतपणे शेंगा खातात आणि फक्त ‘ब्रेक’ एवढाच शब्द बोलतात. तो मात्र नेमका वेळेवर.

मावसभाऊ इंग्लंडला आहे. तिकडेही परीक्षेची तारीख मिळायला महिनोन्महिने लागतात, आणि संगणकाच्या प्रोग्रॅमकरवी तारखा पटकावून त्या चढ्या दराने विकणारे लोक आहेत, असं त्याने कळवलं तेव्हा कच्चेवाल्यांना झालेला आनंद पाहण्यासारखा होता. ‘‘लंडनलाही हेच!’’ दोन दिवस ते हे वाक्य भेटेल त्याला ऐकवत होते. त्याच मावसभावाने आणखी एक जुनी हकिकत सांगितली. १९५६ मध्ये सुएझचा पेच उभा राहिला, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं, परीक्षकांना त्या कामाला जुंपलं, परीक्षा काही महिने बंद ठेवल्या आणि शिकाऊ चालकांना एकट्याने गाडी चालवायची मुभा दिली. तेव्हापासून कच्चेवाले आखाती देशांतल्या बातम्या फार लक्ष देऊन बघतात.

आता मुख्य प्रसंग. तो दर एक-दोन वर्षांनी येतो. कुणीतरी आगाऊ भाचा त्यांच्या फोनवरून, त्यांच्या देखत, दोन मिनिटांत तारीख काढून देतो. गुरुवार, सकाळची वेळ. घरात शांतता पसरते.

बुधवारी संध्याकाळी कच्चेवाल्यांना आठवतं की गाडीची पीयूसी संपली आहे. ती निघते. मग आठवतं की उद्या उपास आहे, आणि उपाशी पोटी क्लच नीट दाबला जात नाही. मग रस्ता. आपली गाडी एमएच-०४, म्हणजे ठाणं गाठायचं. कशेळीचा पूल, त्यात मेट्रोचं काम, म्हणजे पहाटेच निघावं लागणार, आणि पहाटे उठलं की दिवसभर डोकं धरतं. शेवटी मूळ मुद्दा येतो. दुचाकीला तिथे ‘आठ’ काढायला लावतात आणि पाय टेकला की नापास. ‘‘आता तुम्हीच सांगा,’’ ते समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारतात, ‘‘धामणकर नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये आपण गाडी चालवतो कशी? दोन्ही पाय जमिनीवर. पायानेच पुढे ढकलतो. वीस वर्षांची सवय एका सकाळी कशी जाणार? आणि आठचं म्हणाल तर वाडा रोडला आम्ही खड्ड्यांतून आठच काय, अठ्ठावीस काढतो. पण त्यांचा ट्रॅक गुळगुळीत. खड्डा नसला की हात चुकतो.’’

हा युक्तिवाद बिनतोड आहे, हे भिवंडीकराला मान्य करावंच लागेल.

पण त्याच्या तळाशी दुसरंच काहीतरी आहे. नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा, तीनदा झालं तर साठ दिवस थांबा, हे कलम त्यांना तोंडपाठ आहे. लायसन असलेल्या माणसाला ते कधीच पाठ नसतं. तारीख मिळत नाही तोवर माणूस व्यवस्थेचा बळी असतो आणि त्याला नाक्यावर चहा मिळतो. तारीख मिळाली, गेला आणि पाय टेकला, तर तो नुसता नापास असतो. चाळिशीला, भाच्याच्या देखत. त्या गुरुवारी कच्चेवाले जात नाहीत. शुक्रवारी नाक्यावर ‘‘काय झालं?’’ म्हणून विचारलं तर म्हणतात, ‘‘सर्व्हर डाउन होता.’’

मी त्यांच्यावर पुष्कळ हसलो आहे आणि पुढेही हसेन. फक्त त्या गुरुवारच्या रिकाम्या जागेवर हसू येत नाही. पूर्ण्याकडच्या एखाद्या गोदामात सामान उचलणारा वीस-बावीस वर्षांचा पोरगा दुचाकीवर डिलिव्हरीचं काम मिळावं म्हणून तेच लाल पान महिनाभर बघत असतो. तिथे पक्कं लायसन दाखवल्याशिवाय घेत नाहीत. त्याच्यासाठी तारीख म्हणजे पगार. त्याने तारीख मागितली तेव्हा पानावर ‘फुल्ल’ दिसलं, आणि त्या ‘फुल्ल’मध्ये एक जागा कच्चेवाल्यांची होती. निरीक्षकांनी नाव पुकारलं, कुणी आलं नाही, त्यांनी पुढचं नाव घेतलं.

‘सारथी’वर तारीख घेण्याची जशी सोय आहे, तशीच ती रद्द करण्याचीही आहे. तुमच्या घरात कच्चेवाले असतील तर त्यांच्याशी वाद घालू नका. जायचं नसेल तर आदल्या दिवशी त्यांच्याकडून ती तारीख रद्द करून घ्या, म्हणजे ती दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. मग जुलैमधली एखादी तारीख काढून द्या आणि सोबत वहिनींना पाठवा.