दोन्ही असू दे!

अकरावी सायन्सला गणित घ्यावं की जीवशास्त्र, असा प्रश्न निघाला की घरोघरी एकच उत्तर मिळतं: ‘दोन्ही असू दे, दारं उघडी राहतात.’ हिशेब कोणी मांडत नाही. ‘नीट’च्या ७२० गुणांत जीवशास्त्राचे ३६०, गणिताचा एकही नाही. ‘जेईई’ला गणित लागतं, जीवशास्त्राला तिथे कोणी विचारत नाही. पोर मात्र सकाळी इंटिग्रेशन, संध्याकाळी वनस्पतींचं वर्गीकरण घोकतं. कॉलेज उरतं जर्नलवरच्या सहीपुरतं.

बारावी सायन्सच्या विषयांत भूशास्त्रही असतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर बसलेलं आपलं बहुतेक राज्य. धरण, बोगदा, बोअर, सगळं त्या काळ्या दगडाला विचारून. पण नाव काढताच काका म्हणतात, ‘दगड फोडायचेत का?’ बी.एस्सी. ॲग्री, मत्स्यविज्ञान, फूड टेक्नॉलॉजी यांची जागा ‘नाहीच नंबर लागला तर’ या रकान्यात.

पुढे नंबर लागत नाही, ॲग्रीला प्रवेश मिळतो आणि तेच काका सोसायटीभर सांगत सुटतात, ‘आमच्या पोराला पहिल्यापासून मातीचीच ओढ हो!’