नदीपलीकडची कडू बिअर

नानांचा भाचा फुटला. बातमी वहिनींनी दिली, कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून आणि आवाज खाली आणून. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात इतके लोक फुटलेत, की मी सवयीनं विचारलं, "कुठल्या पक्षातून?" मागून, जास्वंदीच्या आडून, नानांचा आवाज आला.

"मुंढव्यातून. कल्याणीनगरात गेला."

हा भाचा पुण्यातल्या मुंढव्याच्या इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनीचा कट्टर. त्यांच्या इंडिया पेल एलबद्दल, म्हणजे आयपीएबद्दल, कुणी वावगा शब्द काढला तर जेवणाच्या ताटावरून उठायचा. आणि आता म्हणे दर शनिवारी टॉइटमध्ये दिसतो. टॉइट मूळची बेंगळुरूच्या इंदिरानगरातली, म्हणजे नानांच्या हिशेबात बाहेरची. त्यामुळे गुन्हा दुहेरी.

"कारण काय सांगतो?"

"मेट्रो!" नाना म्हणाले. "वनाजला बसलं की थेट कल्याणीनगरला उतरता येतं, गाडी चालवायची नाही, पोलिसांचं फुंकायचं यंत्र नाही. चवीचं नाव नाही हो. निष्ठा बदलली ती रिक्षाभाडं वाचवायला."

मला ते कारण चवीपेक्षा भक्कम वाटलं, पण बोललो नाही. कोथरूडच्या माणसानं नदीपलीकडे बिअर प्यायला जाणं हा पूर्वी जवळजवळ परदेशप्रवास होता. नाना स्वतः तो करून आलेले. २००९ साली कोरिंथियन्स हॉटेलात डूलाली सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, तेव्हा पहिल्या वर्षात तिथं गेलेल्यांपैकी ते एक. ग्लासात गढूळ बिअर बघून शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी वेटरला बोलावून 'ही खराब झालीय' असं बजावलं होतं, हा किस्सा नाना आजही सांगतात. गहू घातलेली, न गाळलेली बिअर गढूळच दिसते हे तेव्हा कुणाला ठाऊक! नानांना होतं. ते निवृत्त केमिकल इंजिनियर, आणि त्यांच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे १९४९च्या दारूबंदी कायद्याखालचा आजन्म परवाना असतो. तो आजवर कुणी मागितलेला नाही, याची त्यांना खंत आहे.

तर शनिवारी भाच्याला बोलवायचं आणि एकदाचा निकाल लावायचा, असं भिंतीवर ठरलं. ग्राउलर आणणार तो. २०२०च्या टाळेबंदीत सरकारनं मायक्रोब्रुअऱ्यांना ताजी बिअर बाटलीत भरून घरी न्यायला द्यायची मुभा दिली, तेव्हापासून हे बरं झालंय. नळाखाली भरलेली काचेची मोठी बाटली, जाड बुडाची, तपकिरी. तपकिरी का, तर हॉप्स या वेलीच्या बोंडांतल्या कडू द्रव्यावर ऊन पडलं की त्यातून एक गंधकयुक्त संयुग तयार होतं आणि त्याला घाण वास येतो. अमेरिकेत त्या वासाला स्कंक नावाच्या प्राण्याचं नाव दिलंय. उघड्या ग्लासात हे काही मिनिटांत होतं. नानांनी म्हणूनच भिंतीची पश्चिमेकडची बाजू नापास केली आणि कार्यक्रम आंब्याच्या सावलीत हलवला.

शनिवार आला. ग्राउलर तीन ठिकाणांचे, नावं फक्त भाच्याला ठाऊक. नानांनी आतून स्टीलचे पेले आणले. मला वाटलं काचेचे संपले असतील.

"रंग दिसायला नको," नाना म्हणाले. "गढूळ दिसली की तुम्ही लगेच 'न्यू इंग्लंड आयपीए' म्हणणार, आणि लालसर दिसली की तोंडात नसलेलं कॅरॅमल लागणार. डोळे खोटं बोलतात."

"शिवाय रस्त्यावरून बघणाऱ्याला ताक वाटतं," वहिनी म्हणाल्या.

तिसऱ्या बंगल्यातले कर्नलकाका आवाज ऐकून आले. त्यांचं धोरण एका वाक्याचं आहे, बिअर चिल्ड हवी. नाना थर्मामीटर घेऊन उभे. आठ अंशांच्या खाली एकही पेला भरू देईनात. फार गार केली की जीभ बधिर होते, वास वर येत नाही, आणि हॉप्सच्या बिअरमध्ये निम्मी गंमत वासाची. काका म्हणाले, तुमची आठ अंशांची बिअर म्हणजे आमच्या मेसमध्ये तक्रारीचा विषय. तरी थांबले. फुकट होती.

पहिला पेला वहिनींनी हुंगला, घोट घेतला, आणि चेहरा केला.

"पाडव्याला कडुनिंबाची चटणी चिमूटभर दिली तर तुम्ही दोघं तोंड वाकडं करता. आणि या कडूला पैसे मोजता?"

नानांना हवं तेच मिळालं. कडूपणाचं माप असतं, आयबीयू म्हणतात, असं त्यांनी सुरू केलं. लिटरला किती मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल, तो आकडा. साध्या लागरमध्ये दहा-वीसच्या आसपास, आयपीएमध्ये चाळीस ते सत्तर. हॉप्सच्या बोंडात अल्फा आम्ल असतं, ते तसं पाण्यात फारसं विरघळत नाही. तासभर उकळलं की त्याचं रूप पालटतं आणि कडूपणा उतरतो. पण त्या तासाभरात सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून वासासाठी हॉप्स शेवटी टाकायचे, किंवा आंबवून झाल्यावर थंड बिअरमध्येच भिजवायचे. त्याला ड्राय-हॉप करणं म्हणतात.

"म्हणजे कडू आधी, वास नंतर," वहिनी म्हणाल्या. "फोडणीचं उलट."

खरं सांगायचं तर आमच्याकडच्या हॉप्सप्रेमींचं घोडं या आयबीयूपाशीच अडतं. परवा एका टेबलावर दोन तरुण भांडत होते, तुझ्याकडची साठ, आमच्याकडची सत्तर, जणू आकडा मोठा तो जिंकला. माल्टचा गोडवा जास्त असला तर सत्तरची बिअरही मवाळ लागते, हे त्यांना कुणी सांगायचं? आणि कडूपणाची स्पर्धा अमेरिकेत कधीच होऊन गेली. कॅलिफोर्नियात १९९४ साली व्हिनी सिलुर्झोनं ब्लाइंड पिग ब्रुअरीत डबल आयपीए केली. मग सगळे कडू, अजून कडू, असं करत धावले. पुढे व्हरमाँटच्या अल्केमिस्टनं हेडी टॉपरसारखी गढूळ, फळांच्या वासाची बिअर काढली आणि वारं फिरलं. आता आपल्याकडेही 'हेझी' म्हटल्याशिवाय ग्लास पुढे सरकत नाही.

या सगळ्यात कर्नलकाकांनी एक खडा टाकला. "नावात इंडिया आहे ना? मग ही फौजेसाठीच आली असणार."

नाना हसले. याच वाक्याची वाट बघत होते. आणि मग त्यांनी लंडनच्या जॉर्ज हॉजसनची जी काही उणीदुणी काढली, ती ऐकून वाटावं की तो मागच्या गल्लीत राहतो.

हा हॉजसन बो भागातला. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं भरायची ती ब्लॅकवॉलची गोदी जवळच. बिअर काही जगावेगळी नव्हती. पण हा माणूस जहाजाच्या कप्तानांना लांबलचक उधारी द्यायचा, अठरा महिन्यांपर्यंत. कप्तान मुंबई-कलकत्त्यात माल विकून परत येणार, मग पैसे देणार. हॉजसनचं नाव झालं ते चवीइतकंच उधारीमुळे. केपला वळसा घालून जहाज चार-सहा महिने चालायचं, पिंपं हेलकावे खायची, आणि भरपूर हॉप्स घातलेली ती फिकी बिअर टिकायची, उलट मुरायची. यानं आयपीए 'शोधली' असं लोक सांगतात, ते खरं नाही. फिकी, हॉप्सची, ऑक्टोबरात गाळायची बिअर इंग्लंडात आधीपासून होती.

"मग पुढच्या पिढीला हाव सुटली," नाना म्हणाले. "१८२०च्या सुमाराला उधारी बंद, भाव वर, आणि कप्तानांना बाजूला सारून स्वतःच माल पाठवायला लागले. आता कप्तान गप्प बसतील?"

कंपनीचा एक संचालक, मार्जोरीबँक्स, त्यानं बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपला जेवायला बोलावलं आणि हॉजसनची बाटली पुढं ठेवली. असली करता येईल का? ऑलसॉपच्या माणसानं पहिला नमुना चहाच्या किटलीत केला, अशी कथा सांगतात. कथा म्हणूनच घ्यायची. पण बर्टनची बिअर हॉजसनपेक्षा सरस निघाली हे खरं, आणि त्याचं कारण किटली नव्हे, पाणी. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम फार. त्या सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा लख्ख लागतो, जिभेवर रेंगाळत नाही. हॉजसनचा धंदा बसला.

"आणि काका, तुमची फौज," नानांनी शेवट केला, "गोरा शिपाई प्यायचा काळी पोर्टर. पेल एल होती साहेब लोकांसाठी."

कर्नलकाकांनी दुसरा पेला उचलला आणि मी साहेबच आहे, असं सांगितलं.

पाण्यावरून विषय आपल्या खडकवासल्यावर आला. आपलं धरणाचं पाणी मऊ, बर्टनच्या अगदी उलट. म्हणून इथले ब्रुअर पाणी आधी गाळून कोरं करतात आणि मग हवे ते क्षार मोजून घालतात. जिप्समचं पोतं त्यांच्या कोठारात असतं. पाण्याचं जमलं, माल्टचं जमलं. हॉप्सचं अजून परावलंबन आहे. ती वेल भांगेच्या कुळातली, आणि नीट वाढून भरपूर फुलायला तिला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात, जे आपल्या अक्षांशावर मिळत नाहीत. हिमाचलात लाहौलमध्ये थोडी लागवड आहे. पण आंब्या-पपनसाच्या वासाची सिट्रा आणि मोझॅक येतात ते अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यातून, गोळ्या करून, हवाबंद पाकिटांत. पीक वर्षातून एकदाच, ऑगस्ट-सप्टेंबरात. फोडलेलं पाकीट बाहेर राहिलं की वास गेला. ग्रेट स्टेट एलवर्क्सनं खारट कोकमाची एल केली तेव्हा मला त्यात हाच शहाणपणा दिसला होता, की वासासाठी दर वेळी समुद्रापलीकडे कशाला बघा. नाना म्हणतात ती एल नव्हे, सोलकढीचे लाड. त्यावर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

एव्हाना चारही पेले फिरले होते. अ, ब, क, ड. हो, ग्राउलर तीन म्हणून आले होते आणि पेले चार भरले गेले, हे आमच्यापैकी कुणी मोजलं नाही. वहिनींनी ब आणि क लगेच वेगळे काढले, एकात पिकलेल्या पेरूचा वास, दुसऱ्यात संत्र्याच्या सालीचा. त्यांनी घोट दोनच घेतले होते. नाना वहीत आकडे मांडत होते. अ पहिला, स्वच्छ, कडक, शेवट कोरडा. ड शेवटचा, मंद, गोडसर, ओल्या पुठ्ठ्याचा वास.

"अ आपली," ते म्हणाले. "ड त्या तुझ्या नव्या लोकांची. गाळायची घाई केलीय."

भाच्यानं चिठ्ठ्या उघडल्या. अ आणि ड एकच बिअर. एकाच ब्रुअरीची, एकाच नावाची. अ त्या दुपारी भरलेली; ड आदल्या शनिवारची, एकदा उघडून अर्धी प्यायलेली, मग फ्रिजच्या दारात आठवडाभर उभी. ब्रुअरीचं नाव मी इथं लिहीत नाही. तिचा काही दोष नव्हता. बाटलीत शिरलेल्या हवेचा होता. हवा लागली की पहिला बळी हॉप्सच्या वासाचा जातो, आणि त्याच्या जागी तो पुठ्ठा येतो.

नाना थोडा वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नमुना अपुरा आहे."

माझं मत मात्र तिथंच पक्कं झालं. मुंढवा की कल्याणीनगर, डूलाली की टॉइट, यावर तावातावानं बोलणारी आमची मंडळी वेटरला 'कुठली?' विचारतात, 'कधीची?' विचारत नाहीत. वाईन मुरते, व्हिस्की मुरते, म्हणून आयपीएही मुरावी असा एक समज आहे, आणि हॉजसनच्या गोष्टीनं तो घट्ट केलाय. त्याची बिअर ओकच्या पिंपात होती, वेगळ्या रीतीची होती. आजची आयपीए वासावर जगते आणि तो वास आठवड्यांच्या हिशेबानं विरतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत गेटवेवाल्यांनी बिअर गाळायला घेतली तेव्हा मुंबईतले लोक हसले होते. मला तो पत्ता फार आवडला होता. जवळ गाळलेली, लवकर प्यायलेली. गल्लीतल्या ब्रुअरीकडे मोठ्या कारखान्यापेक्षा जास्त आहे ते एवढंच. तेच आपण फ्रिजच्या दारात ठेवून घालवायचं?

"म्हणजे मी फुटलो ते बरोबरच," भाचा म्हणाला. "मेट्रोनं गेलं की तिथंच ताजी मिळते. घरी आणायचीच नाही."

"आणि आम्ही काय प्यायचं?" कर्नलकाका.

त्यावर भाच्यानं जाहीर केलं, की तो पुढच्या आठवड्यात गोव्याला चाललाय. गोवा ब्रुइंग कंपनीची एट फिंगर एडी घेऊन येईन, अंजुणच्या त्या जुन्या हिप्पीच्या नावाची आयपीए आहे. आणि आर्बरची बीच शॅकसुद्धा. कॅन आहेत, उजेडही लागत नाही आणि हवाही नाही.

"बांद्याच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले उभे असतात," नाना म्हणाले. "परवान्याशिवाय गोव्याची बिअर महाराष्ट्रात आणलीस तर कॅनसकट गाडी जाईल."

"तुमच्याकडे आहे ना परवाना?"

"तो पिण्याचा. आणण्याचा वेगळा." नानांनी पाकीट बाहेर काढलंच होतं, बऱ्याच वर्षांनी त्याचा विषय निघाला होता. "आणि कॅनच्या बुडाशी तारीख छापलेली असते, ती वाचून घे. जुनी असली तर तिथंच सोड."

वहिनी पेले गोळा करत होत्या. डचा पेला त्यांनी सरळ जास्वंदीत ओतला.

"मला त्या डूलालीची ॲपल सायडर आणा कुणीतरी," त्या म्हणाल्या. "तिला आयबीयू नसतो ना? मग यांना मोजायला काही उरणार नाही."

"असतो," नाना म्हणाले. "शून्य."